बरणीतलं लाकूड

रविवारी मिसा संपली की बाबा चर्चच्या पायऱ्यांवर मुलांना घेऊन बसायचे आणि विचारायचे, "पयल्या दिवसा देवान काय केल्यान?"

"उजवाड!" आम्ही सगळे ओरडायचो.

"दुसऱ्या दिवसा?"

"मळब!"

उजेड, आभाळ असं करत करत सहाव्या दिवशी आदाम आणि एवा यायचे, सातव्या दिवशी देव विसावा घ्यायचा आणि आम्हीही घरी पेज जेवायला पळायचो. मिसा लॅटिनमध्ये असायची, त्यातलं आम्हाला ओ की ठो कळायचं नाही. पवित्र शास्त्राचं पुस्तक घरात नव्हतं, तसं ते आमच्या वाडीत कुणाच्याच घरात नव्हतं. बाबांना त्यांच्या वडिलांनी जे तोंडपाठ करून दिलं होतं तेच ते आम्हाला द्यायचे, आणि आठवड्याचे उरलेले सहा दिवस चिरेखाणीवर जाऊन जांभ्याचे चिरे काढायचे. मालवणपासून आचऱ्यापर्यंत कितीतरी घरांच्या भिंतींत त्यांच्या हातचे चिरे आहेत. चिरा हातात घेऊन त्यावर नुसता अंगठा फिरवला तरी तो कुठल्या खाणीतला ते बाबा सांगत.

मी नऊ वर्षांची असताना त्या पायऱ्यांवर हात वर करून विचारलं होतं, की सूर्य जर चौथ्या दिवशी केला, तर त्याआधी तीन वेळा सकाळ झाली हे कळलं कसं? मुलं हसली. बाबा म्हणाले, "देवाक घड्याळ लागणा नाय." मुलं पुन्हा हसली, या वेळी मला. उत्तर चांगलं होतं, पण ते माझ्या प्रश्नाचं नव्हतं, आणि हे बाबांनाही कळलं होतं अशी मला दाट शंका होती. घरी जाताना त्यांनी माझ्याकडे दोनदा वळून पाहिलं.

हा माझा स्वभाव. एकदा डोक्यात किडा शिरला की मी स्वस्थ बसत नाही. माय म्हणायची, "ह्या चेडवाक सासऱ्याक पाठवलां तर तां सासूचे दात मोजीत बसतलां." मायचं म्हणणं अगदीच चुकीचं नव्हतं.

अठ्ठावन्न साली मी अकरावीची परीक्षा दिली. मला कोल्हापूरला जाऊन सायन्स शिकायचं होतं. आमच्या चर्चला तेव्हा वसईकडचे एक तरुण, सायन्स शिकलेले पाद्री आले होते. त्यांनी कोल्हापुरातल्या मदरांच्या हॉस्टेलला पत्र लिहून माझ्यासाठी जागा विचारली, कॉलेजचा अर्जही मागवून आणला. अर्जावर पालकांची सही हवी होती. बाबांनी तो अर्ज उभ्याउभ्या वाचला, नीट चौघडी केली आणि ओट्यावरच्या सायबिणीच्या, म्हणजे मरियामातेच्या, तसबिरीमागे सरकवून ठेवला. त्यांना जी गोष्ट धड नको म्हणता येत नसे आणि होही म्हणवत नसे, ती ते सायबिणीच्या हवाली करत.

"मास्तरीण हो," ते म्हणाले. "ट्रेनिंग कॉलेजात जा, मी हसत सोडतंय. सायन्स नको."

"कित्याक नको?"

"थंय शिकयतत, माणूस माकडापासून झालो. तां शिकलंस काय तू मिसेक येवचं नाय. मिसेक येणां बंद, मगे घराक येणां बंद."

त्यांना खरी भीती शेवटच्या वाक्याची होती हे मला आज कळतं. तेव्हा फक्त राग आला.

माकडाची बातमी बाबांपर्यंत पोचवली होती मिशनच्या दवाखान्यातल्या कंपाउंडरने. हा गृहस्थ दर पंधरवड्याला सायकलवरून वाडीवाडीत औषधं घेऊन यायचा. तो प्रोटेस्टंट. त्याचं आणि बाबांचं मूर्तींवरून, सायबिणीवरून, पोपवरून कधी म्हणजे कधी पटायचं नाही. तो आमच्या ओट्यावर बसून चहा प्यायचा आणि तसबिरीकडे पाठ करून बसायचा, म्हणजे भांडण टळायचं. पण त्याच्या झोळीत मराठीतलं पवित्र शास्त्र असे, आणि त्यातल्या बापलेकांच्या वंशावळी जोडून जोडून त्याने पेन्सिलीने हिशेब केला होता, की जग सहा हजार वर्षांपूर्वी झालं. तो माणूस फार चांगला होता. त्यानेच मला ते पुस्तक पंधरा दिवसांसाठी वाचायला दिलं. आमच्या घरात शास्त्र आलं ते असं, मागच्या दाराने, औषधांच्या झोळीतून.

मी ते अधाशासारखं वाचलं. आणि पहिली चार पानं वाचूनच माझी झोप उडाली. पहिल्या पानावर देव आधी जनावरं करतो, मग माणूस. पान उलटलं तर तिथे आधी माणूस मातीतून घडवतो आणि तो एकटा आहे म्हणून मग जनावरं. मी दोन्ही पानं तीनतीनदा वाचली. कंपाउंडर आला तेव्हा त्याला विचारलं. तो म्हणाला, नीट वाच, दुसऱ्या पानावर आधी केलेल्या जनावरांची फक्त आठवण काढली आहे. पाद्रींना विचारलं. ते म्हणाले, "अगं, दोन वेगळ्या माणसांनी एकच गोष्ट सांगितली आहे. तुझी आई आणि तुझे बाबा तुझ्या जन्माची गोष्ट सारखीच सांगतात का?"

सांगत नव्हते. माय म्हणायची मी दुपारी झाले आणि बाबा म्हणायचे तिन्हीसांजेला. पाद्रींचं उत्तर मला आवडलं. म्हणून मी लगेच पुढचं विचारलं, "मग आदाम खरा होता की तोही गोष्टीतला?" पाद्रींनी चहात साखर नसतानाही चमचा बराच वेळ ढवळला. मग म्हणाले, "आदाम होता असं आपण मानायचं." माझ्या लक्षात आलं, की सायन्स शिकलेले हे पाद्रीसुद्धा चालता चालता एका जागी थांबतात. ती जागा बाबांच्या जागेपेक्षा थोडी पुढे होती, इतकंच.

बाबांना मी हे दोन पानांचं काही सांगितलं नाही. सांगायला हवं होतं का, हा विचार मी पुढे पुष्कळदा केला.

त्याच एप्रिलात चर्चची विहीर आणखी खोल करायचं ठरलं. दर उन्हाळ्यात तिचा तळ दिसायचा. वाडीतल्या बाप्यांनी पाळीपाळीने उतरायचं, आणि काम बाबांच्या नजरेखाली. वरचा जांभा कधीच संपला होता. त्याखाली पांढरी-जांभळी चिकट माती लागली, आणि तिच्याही खाली एक दिवस पहार मऊ काहीतरी भेदून आत गेली. वर काळा चिखल यायला लागला. त्या चिखलात शिंपल्यांचे तुकडे होते. आणि मग एक झाड निघालं. झाड म्हणजे आडवं पडलेलं खोड, काळंकुट्ट, माणसाच्या कमरेएवढं जाड. त्याच्या सालीवरच्या भेगासुद्धा दिसत होत्या. आमच्या विहिरीच्या तळाशी, समुद्रापासून दीड मैलावर, चढावावर, पस्तीस हात खाली, झाड!

दुपारपर्यंत सगळी वाडी विहिरीभोवती. बाबा वर आले ते छातीपर्यंत काळे झालेले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर असा आनंद मी आधी कधी पाहिला नव्हता.

"नोहाचो हुंवार," ते म्हणाले. हुंवार म्हणजे पूर. "देवान जगार पाणी सोडल्यान तेव्हाचां झाड ह्यां. बगा, शिंपलेय आसत."

कंपाउंडर दोन दिवसांनी आला, काठावरून वाकून पाहिलं आणि त्याचे डोळे भरून आले. आयुष्यात पहिल्यांदा त्याचं आणि बाबांचं एकमत झालं. दोघांनाही ते जरा अवघडच गेलं असावं. त्या दिवशी कंपाउंडर चहा पिताना तसबिरीकडे पाठ करायला विसरला.

पाद्री म्हणाले, "झाड फार जुनं आहे. नोहापेक्षाही जुनं असेल. आधी कुणा जाणकाराला दाखवू या."

"फादर," बाबा म्हणाले, "शिंपले खंयसून इले?"

"समुद्र कधीकाळी इथवर असेल."

"तांच मी सांगतंय. समुद्र हंयपर्यंत इलो. कोणी हाडल्यान?"

समुद्र कुणी आणला, हा प्रश्न ऐकून पाद्री पुन्हा विहिरीत वाकून पाहू लागले. त्या वेळी बाबांचा मुद्दा मला बिनतोड वाटला, आणि खरं सांगायचं तर मला त्यांचा अभिमानही वाटला.

बाबांनी त्या खोडाचा खुरीस, म्हणजे क्रूस, करायचं ठरवलं. मे महिन्यात आमच्याकडे वाटेवरच्या खुर्सांना फुलांच्या माळा घालतात, संध्याकाळी तिथे लादीन, म्हणजे सायबिणीची आळवणी, म्हणतात, चणे वाटतात. विहिरीच्या वाटेवरचा जुना लाकडी खुरीस वाळवीने खाल्ला होता. त्या जागी हुंवाराच्या लाकडाचा खुरीस उभा राहणार होता. "तो उभो रवलो काय मगे तुझ्या अर्जाचां बगूया," बाबा मला म्हणाले. त्यांच्या मनात काय जोडलं गेलं होतं ते मला साफ दिसत होतं. खुरीस उभा राहणार, येणारे-जाणारे तो पाहणार, आणि त्याच्यासमोर त्यांच्या मुलीने माकडाचं शास्त्र शिकायला जाणं शोभणार नाही. अर्ज जूनच्या पहिल्या आठवड्यात कोल्हापूरला पोचायला हवा होता.

ओलं असताना ते लाकूड खरवसासारखं कापलं जायचं. बाबांनी तासणीने दोन दिवसांत खुरीस घडवला. अंग गुळगुळीत, टोकांना पाकळ्या. आता तो वाळवायचा होता.

इथे बाबांनी एक चूक केली, आणि ती चूक फक्त चिरेखाणीवर आयुष्य काढलेला माणूसच करू शकला असता. जांभा चिरा खाणीतून काढला की ओला आणि नरम असतो, हवा तसा तासता येतो. मग त्याला उघड्यावर रचायचा. जितकं ऊन, जितका वारा खाईल तितका तो टणक होतो. भुईतून निघालेली वस्तू मऊ असते आणि उन्हात ती पक्की होते, हे बाबांच्या हातांनी तीस वर्षं पाहिलं होतं. त्यांनी तो खुरीस उचलून उघड्या कातळावर, भर उन्हात ठेवला. वर छप्पर नाही, गवत नाही. "खाऊ दे वारो," म्हणाले. एखाद्या सुताराला विचारलं असतं तर तो हबकला असता. पण सुताराला विचारायचं बाबांच्या मनातसुद्धा आलं नाही, कारण त्यांच्या लेखी ते लाकूड राहिलंच नव्हतं.

खुरीस तासताना उडालेल्या दोन ढलप्या मी घरी आणल्या होत्या. एक खिडकीत ठेवली. दुसरी चिखलाने फार भरलेली होती म्हणून लोणच्याच्या रिकाम्या बरणीत पाणी घालून त्यात टाकली, आणि धुवायची विसरून गेले. तिसऱ्या दिवशी पाहते तर खिडकीतली ढलपी आडवी-उभी तडकलेली. बोटाने दाबली तर तिचे तुकडे झाले. बरणीतली जशीच्या तशी. मायने त्यातला एक सुका तुकडा चुलीत टाकून पाहिला. तो जळला, पण घासलेटासारखा घाण वास सुटला आणि मायने मला घराबाहेर काढलं.

तेव्हाच मला कळलं, की कातळावरच्या खुर्साचं काय होणार आहे. बाबांना जाऊन सांगायचं, त्यावर ओली पोती टाकायची, एवढंच काम होतं. मी निघालेही होते. पण ओट्यावर बाबा कंपाउंडरला सांगत होते, "माझां चेडू सायन्स-बियन्स शिकूचां नाय. तेचां मी ठरवलंय." ते माझ्याविषयी बोलत होते आणि मी दारात उभी होते.

मी आत वळले आणि बरणी फळीवर मागे सरकवून ठेवली. रागाने. त्याला दुसरं नाव नाही. मला बाबा चुकायला हवे होते, आणि चारचौघांत चुकायला हवे होते.

खुरीस मोठा होता, त्याला वेळ लागला. वरवर तीन आठवडे तो ठीक दिसत होता. मी रोज कातळावरून जायचे आणि त्याच्या अंगावर बारीक रेघा वाढताना पाहायचे. बाबाही पाहत होते. त्यांना वाटे, सुकताना असं होतंच, चिऱ्यावरही पहिल्या उन्हात पापुद्रा सुटतो.

मेच्या अखेरीला लादीन ठरली. संध्याकाळी पाचला सगळी वाडी कातळावर जमली. आबोलीच्या माळा आल्या, चण्यांची टोपली आली, पाद्री आले. कंपाउंडरसुद्धा लांब सायकल धरून उभा होता. चौघांनी खुरीस उचलला. दोन पावलंही झाली नसतील, एक हात खांद्यापासून निखळला आणि खाली पडून त्याच्या चकत्या झाल्या. त्यांनी घाबरून तो पटकन खाली टेकवला, तर मधला खांबही दुभंगला. आवाजसुद्धा फार झाला नाही. कातळावर काळा भुगा आणि चौकोनी खपल्या. बायका "सायबा!" म्हणून पुढे धावल्या, आणि दोघीतिघींनी खपल्या पदरात बांधायला सुरुवात केली, आजारी माणसाच्या उशाखाली ठेवायला.

बाबा वाकले. भुगा मुठीत घेतला, चोळला, वास घेतला. मग सरळ उभे राहून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "ह्यां औषध न्हय. टाका तां. मी चुकलंय. लाकडाक मी चिरो समाजलंय."

पाद्रींनी जुना, वाळवी लागलेला खुरीस होता तिथे माळा घातल्या आणि लादीन सुरू केली. बाबांनी नेहमीसारखा पहिला सूर धरला. त्यांचा आवाज कुठेही हलला नाही. मला हवं होतं तेच, हवं होतं तसंच झालं होतं, आणि मला जमिनीत गडप व्हावंसं वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा लोणचं शोधत फळीशी गेले आणि बरणी त्यांच्या हाताला लागली. त्यांनी ती उजेडात धरली. आत काळी ढलपी, तासणीची खूण अजून ताजी.

"ह्यां कधी घातलंस पाण्यात?"

"तुमी तासलात त्याच दिवसा."

"आणि सुक्यां फुटता तां कधी कळलां?"

खोटं बोलता आलं असतं. "तिसऱ्या दिवसा," मी म्हणाले.

चुलीशी मायचा हात थांबला.

"माका सांगलंस कित्याक नाय?"

"तुमी चुकाक होये होतात माका," मी म्हणाले आणि रडायला लागले.

मला वाटलं ते ओरडतील. मायलाही वाटलं, कारण ती उठून आमच्या मध्ये येऊन उभी राहिली. बाबा ओरडले नाहीत. ते उंबऱ्यावर बसले, बरणी मांडीवर घेऊन. मग म्हणाले, "मी घाबरत होतंय, तू शिकलंस काय देवाक विसारतलंस. तां ऱ्हवलां बाजूक. तू शिकलंस, आणि घरच्यांकच सांगलंस नाय. तीन आठवडे. रोज माझ्या म्होरसून गेलंस."

मी त्यांच्या शेजारी उंबऱ्यावर बसले.

त्यांनी उठून तसबिरीमागचा अर्ज काढला. चौघडी उलगडली. पुन्हा सगळा वाचला, या वेळी मोठ्याने, छापलेल्या सूचनांसकट. मग माझ्याकडे पेन मागितलं.

"एक अट आसा," ते म्हणाले. "थंय जां शिकतलंस तां हंय सांगाक होयां. माका बरां वाटांदे, वायट वाटांदे. खोटां नको, आणि अर्धांय नको."

मी मान हलवली. त्यांनी सही केली.

जूनमध्ये कणकवलीच्या स्टॅंडवर ते मला कोल्हापूरच्या गाडीत बसवायला आले तेव्हा त्यांच्या हातात पिशवी होती. पिशवीत बरणी, तोंडाला फडकं आणि सुतळी. "त्यांका विचार," ते खिडकीतून म्हणाले, "खंयचां झाड तां." घाटभर मी ती बरणी पोटाशी धरून बसले. शेजारच्या बाईंनी लोणचं कशाचं म्हणून विचारलं. मी झाडाचं म्हणाले. त्या जरा सरकून बसल्या.

कॉलेजात वनस्पतींचा विषय शिकवणारे एक वयस्कर प्राध्यापक होते. पहिले दोन महिने मला त्यांच्याशी बोलायचं धैर्य झालं नाही. मग एक दिवस बरणी नेऊन त्यांच्या टेबलावर ठेवली. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, ढलपीचा पातळ काप काढला, सूक्ष्मदर्शकाखाली धरला आणि त्यांचा तास बुडाला. पुढे त्यांनी काप आणखी कुणा जाणकाराकडे पाठवले. ऑक्टोबरच्या अखेरीला मला बोलावून म्हणाले, हे लाकूड उंडीच्या कुळातलं असावं. उंडी माहीत आहे का?

उंडी! आमच्या चर्चच्या मागेच उंडीचं झाड आहे. तिच्या फळांचं तेल माय दिव्यात घालायची. बाबांनी मला त्या फळांच्या कवचाची शिट्टी करून दिली होती. मी सरांना विचारलं, "आणि किती जुनं?" त्यांनी सांगितलं. मी पुन्हा विचारलं, त्यांनी पुन्हा सांगितलं आणि वर म्हणाले, नेमकं नाही सांगता येत, पण कोटीच्या घरात धर.

हॉस्टेलच्या खोलीत मी बाबांना पोस्टकार्ड लिहायला बसले. उंडीचं सगळं लिहिलं, अगदी शिट्टीसुद्धा. मग हात थांबला. डोळ्यांसमोर पायऱ्या आल्या, मुलं आली, "पयल्या दिवसा देवान काय केल्यान" आलं. कातळावर मूठभर भुगा घेऊन उभे असलेले बाबा आले. त्यांना आणखी एकदा तसं उभं करायची माझी छाती होईना. मी लिहिलं, "लाकूड खूप जुनं आहे असं सर म्हणतात," आणि कार्ड पेटीत टाकलं.

आठ दिवसांत उत्तर आलं. बाबा चौथीपर्यंत शिकलेले. बोलणं मालवणी, पण कागदावर ते शाळेतल्या पुस्तकासारखं लिहीत.

"चि. मुलीस अनेक आशीर्वाद. उंडीचे वाचून फार आनंद झाला. तुझ्या मायला वाचून दाखविले. चर्चमागील झाडास जाऊन हात लावून आलो. परंतु खूप म्हणजे किती? अट तू विसरलीस काय? चिरा उलटून पाहिल्याशिवाय मी भिंतीत घालीत नाही. आकडा लिहावा."

ते कार्ड मी कितीदा वाचलं असेल. मला बाबांची इतकी आठवण आली की मी जेवायलाही गेले नाही. मग नवं कार्ड घेतलं आणि एकावर सात शून्यं काढली. खाली लिहिलं, "इतकी वर्षं. कमीजास्त असतील, पण याच घरात." शून्यं दोनदा तपासली आणि विचार बदलायच्या आत जाऊन पेटीत टाकलं.

आठ दिवस गेले. पंधरा गेले. बाबांचं उत्तर कधी इतकं लांबलं नव्हतं. मदरांनी टपाल वाटलं की मी शेवटी उभी राहायचे, म्हणजे रिकामे हात कुणाला दिसणार नाहीत. तीन आठवडे झाले. मला वाटलं, झालं. त्यांना देव सांभाळायचा होता आणि मला आकडा, आणि आता मला घरी जायलाही तोंड नाही. हे तीन आठवडे मी त्यांना कातळावर दिलेल्या तीन आठवड्यांएवढेच आहेत, हेही मी मोजलं होतं.

मग कार्ड आलं. त्यावर चारच ओळी होत्या.

"पत्र पावले. शून्ये मोजली. फादरना दाखविली, त्यांनीही मोजली. कंपाउंडरना दाखविली नाहीत, त्यांची प्रकृती बरी नसते. तुझी माय विचारते की तेव्हा पाऊस आपल्यासारखाच पडत होता काय? ते कळवावे."

मी हसले आणि रडले, दोन्ही एकदम. खोलीतल्या मुली माझ्याभोवती गोळा झाल्या, आणि काय झालं ते मला कुणाला सांगता येईना.

नाताळच्या सुटीत घरी गेले. बाबा अंगणात गोठा मांडत होते, गवत, कागदाचा डोंगर, मातीची मेंढरं. विहिरीच्या वाटेवर नवा खुरीस उभा होता, साध्या चिऱ्याचा, एक पावसाळा खाऊन पक्का झालेला. रविवारी पायऱ्यांवर तेच सहा दिवस चालू होते. एका मुलीने विचारलं, देवाचा दिवस केवढा असतो? बाबा म्हणाले, "तां आमकां सांगलेलां नाय." आदाम मात्र त्यांनी सोडला नव्हता, शेवटपर्यंत सोडला नाही, आणि मीही तो त्यांच्या हातून काढून घ्यायला गेले नाही.

पहिल्याच दिवशी मी चुलीशी बसून मायला म्हणाले, "तू पावसाचां विचारलंस ना, तां मी सरांका..."

"खंयचो पाऊस?" माय म्हणाली. "मिया? मी कित्याक विचारू? माका हंयचोच पाऊस पुरे झालो."

मी अंगणात पाहिलं. बाबांनी ऐकलं होतं. एक मेंढरू हातात घेऊन ते त्याचे पाय निरखत राहिले, जणू काही पायांतच खोट होती. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "मगे? पडायचो काय?"

"माका म्हायत नाय, बाबा," मी म्हणाले. "सरांकय विचारूक झालां नाय."

त्यांनी मेंढरू गवतावर उभं केलं, जरा मागे सरून पाहिलं.

"बरां," ते म्हणाले. "आता जातलंस तेव्हा विचारून ये."